सूरवाल्यांचा कान

गल्लीत त्यांना सगळे सूरवाले म्हणत. बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा त्यांचा धंदा, आणि त्यातही सूर लावण्यात हातखंडा. पेटीच्या आत पितळेच्या बारीक जिभा असतात. कानशीने जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. किती घासायचं ते कुठं लिहिलेलं नाही, कानानं ठरवायचं. एकदा जास्त घासलं गेलं की संपलं. गेलेलं पितळ परत येत नाही.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका खिडकीशी सूरवाल्यांचं बाक, दुसऱ्या खिडकीशी बायकोचं शिलाई मशीन. ती पेट्यांवर घालायच्या कापडी गवसण्या शिवायची आणि शिवता शिवता गायची. त्या आवाजावरच सूरवाले भाळले होते. लग्नाआधी ती गच्चीवर कपडे वाळत घालताना गात होती आणि हे खाली रस्त्यात, डोक्यावर गिऱ्हाइकाची पेटी घेऊन उभे.

"मान अवघडली तेव्हा कळलं, प्रेमात पडलोय म्हणून," ते आल्यागेल्याला सांगत.

"पेटी खाली ठेवायची अक्कल नव्हती, ते नाही सांगायचं!" बायको मशीनवरून ओरडे.

त्या गच्चीवरच्या गाण्यात एक जागा होती. सूर उंच चढून तिथं क्षणभर थांबायचा, दोरीवरून उडण्याआधी पाखरू थांबतं तसा. तिथं आली की ती मशीनचा पायटा थांबवायची आणि सूरवाल्यांची कानसही आपोआप थांबायची. कित्येक वर्षं त्या दोघांचा संसार असा रोज एकदा श्वास रोखून धरी.

पन्नाशी उलटली आणि सूरवाल्यांची आवड बदलू लागली. उंच गाणी त्यांना फिकी, कोरडी वाटू लागली. जड, संथ, खर्जातली गाणी तेवढी पोटात उतरत. त्याचं त्यांना कौतुकच वाटे. "तरणेपणी माणूस आभाळाकडं बघतो," ते गिऱ्हाइकांना ऐकवीत, "वय झालं की विहिरीत डोकावतो. आवड पिकते बाबा!" ऐकणारे माना डोलावत. सूरवाल्यांच्या कानापुढं कोण बोलणार?

अशाच एका दुपारी दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. बायको गात होती. सूरवाले हसत म्हणाले, "अगं, पुरे आता. ते गाणं तुला झेपत नाही. तुझ्या आवाजाची धार गेली."

गिऱ्हाइकं हसली. बायकोही थोडी हसली. तिनं दातानं दोरा तोडला आणि पुढची गवसणी घेतली.

त्यानंतर दुकानात ती गायली नाही. नऊ वर्षं. आणि सांगायला जीभ जड होते, पण ती गात नाही हे सूरवाल्यांच्या ध्यानातच आलं नाही.

मग पेट्या परत येऊ लागल्या. गाणंमास्तरांनी तर एकदम तीन आणून ठेवल्या. "सूरवाले, वरचे सूर टोचतात हो. दाभण घुसल्यासारखे."

"कान नवे झालेत तुमचे," सूरवाले फणकारले. "हे सूर बोथट होते, मी त्यांना धार लावलीय."

माहेरी आलेल्या मुलीनं हे ऐकलं. ती म्हणाली, "बाबा, मी दारातून तीन हाका मारल्या तुम्हाला. उद्या कान दाखवायला जायचं."

"माझे कान? माझे?"

"नाहीतर काय, शेजाऱ्याचे?"

दवाखान्यात त्यांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर डबे चढवले. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, शिट्टी ऐकू आली की बटण दाबा." सुरुवातीला सूरवाल्यांनी चार-पाच वेळा रुबाबात बटण दाबलं. मग शिट्ट्या थांबल्या. ते वाट बघत बसले. बराच वेळ गेल्यावर काचेवर टकटक करून विचारलं, "बाई, पुढचं कधी सुरू करताय?"

बाई आत आल्या आणि डबे उतरवत म्हणाल्या, "संपलं, काका. सगळ्या वाजवल्या."

आणि त्यांनी समजावलं, वयानं आधी वरचेच आवाज जातात. दहाएक वर्षांपासून जात असावेत.

सूरवाल्यांनी बोटांवर मोजलं. दहाएक वर्षं. म्हणजे आवड पिकली नव्हती.

आठवड्यानं कानात यंत्र बसलं. घरी येताच त्यांनी मास्तरांची पेटी उघडली, भाता हलवून वरची पट्टी दाबली आणि दचकून बोट उचललं. खरंच दाभण होतं. आतली पितळी जीभ काढून खिडकीशी धरून पाहिली. घासून घासून कागदासारखी झालेली.

मग ते बायकोकडं वळले. मशीन खटखटत होतं.

"अगं, गात का नाहीस?"

तिनं मान वर केली. "आज आठवण झाली?"

"ते गच्चीवरचं म्हण की. एकदाच."

"अहो, मोडलाय गळा."

"म्हण तरी!"

तिनं कापड बाजूला सारलं. पदरानं तोंड पुसलं, घसा खाकरला. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसरी चढू लागली. त्या जागेशी आली, सवयीनं पाय पायट्यावर रोवला, आणि वरती नुसता वारा आला. सूर नव्हताच. तिनं पुन्हा केलं. पुन्हा वारा.

सूरवाले घाईनं म्हणाले, "मी पट्टी उतरवतो. खालून म्हण, जमेल."

"खालून ते गाणं नाही राहत," ती म्हणाली. "तुम्हाला का सांगायला हवं?"

"माझं चुकलं गं. माझे कान गेले होते. तुझी धार नव्हती गेली."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"त्या दुपारनंतर मला एकदा वाटलं होतं, अजून येतोय सूर," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर गेला होतात, तेव्हा म्हणून बघितलं होतं. चांगला वाटला. पण म्हटलं, आपल्याला काय कळतं? तुमचा कान चुकायचा नाही."

तिनं कापड पुन्हा सुईखाली घेतलं. शिवण काठापर्यंत नेली आणि दातानं दोरा तोडला.

तो बारीक आवाज सूरवाल्यांना लख्ख ऐकू आला.