ओळख पटवणाऱ्याची सही

ही गोष्ट सांगायची मी तीन वर्षं टाळली. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण सत्त्याहत्तर पूर्ण झाली... आता लिहून टाकतो.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. बाबा सांगायचे, "ब्रह्मदेशच्या लढाईत पायाला गोळी लागली." मला ते खरं वाटायचं नाही. मिलमध्ये पडून लंगडे झाले, असं शेजारी म्हणायचे. एका वर्षी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी कचेरीने ओळख पटवायला घरचं माणूस मागितलं.

"चल रे, एक सही तर करायचीय," बाबा म्हणाले.

मी गॅलरीत, सगळ्यांसमोर बोललो, "लष्करात टोप घासलेत तुम्ही! खोट्या शिपायाची ओळख मी नाही देणार."

ते एकटेच गेले. मी दिवसभर माझगावला गोदीत ड्युटीवर. संध्याकाळी बाबा म्हणाले, "आलास, बरं केलंस." टोमणा समजून मी बोलणंच टाकलं. दोन महिन्यांत ते गेले.

तीन वर्षांपूर्वी गावी सैनिकांच्या नावांचा फलक लावायचं ठरलं. पुरावा हवा, म्हणून मी त्या कचेरीत अर्ज केला. क्लार्कबाईंनी जुनी फाइल काढली. 'शिपाई. ब्रह्मदेश आघाडी. उजव्या पायास गोळीची जखम.' मी पान उलटलं. पुढे मी नकार दिला त्या वर्षाचा दाखला — बाबांचा अंगठा, आणि शेजारी ओळख पटवणाऱ्याची सही... माझी.

पहिला संशय धाकट्या भावावर. तिथूनच फोन लावला.

"वसंता, माझी सही तू ठोकलीस ना?"

"दादा, डोकं फिरलंय का? मी तेव्हा गावी होतो. फोटो पाठव."

पाठवला. त्याने तो मोठा करून पाहिला.

"दादा... ही तर तुझी आत्ताची सही."

खरंच. आदल्या वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हापासून मी डाव्या हाताने सही करतो. वाकडी, थरथरती. क्लार्कबाईंनी माझा अर्ज त्या दाखल्याशेजारी ठेवला. हुबेहूब.

"काका, खरं सांगा, आत्ता तुम्ही यावर पेन चालवलंत?"

पण शाई विटलेली होती, आणि सहीवर कचेरीचा तेव्हाचा शिक्का होता.

फलकावर बाबांचं नाव लागलं. सहीचा उलगडा मात्र आजही नाही. मी त्या दिवशी खरंच बाबांच्या शेजारी उभा असेन, तर निदान "बाबा, चुकलो" एवढं तरी म्हणालो का... ते त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही.