उलटं फिरवलेलं जातं

माझी लेक पुण्याला प्रयोगशाळेत फिरत्या भांड्यात खडा वाढवते. मोबाइलमध्ये, विजेच्या गाड्यांमध्ये जे बारीक भाग असतात, ते अशा खड्याच्या चकत्यांवर बनतात म्हणे. मी चौथी शिकलेली. कुणी पुढचं विचारलं की मला सांगता येत नाही, म्हणून मी हा विषयच काढत नसे.

दिवाळीला ती शिरूरला घरी आली. तेव्हाच माझ्या थोरल्या नणंदेने बीडचं स्थळ आणलं. मुलगा नोकरीला, माणसं चांगली. पण त्यांना लग्न लगेच हवं होतं. लेकीला अजून एक वर्ष हवं होतं, कारण तिचा खडा नीट येत नव्हता. हे म्हणाले, "ताई म्हणेल तसं."

"चार वर्सं झाली भांडं फिरवतीस," नणंद लेकीला म्हणाली. "तेवढ्यात आमच्या सुनंला दोन लेकरं झाली. तुझ्या भांड्यातनं काय निघालं?"

"निघालं की. पण पोटात डाग असलेलं," लेक हसली. "आत्या, बसा, दाखवते."

तिने लहान पातेल्यात पाणी घेतलं, चहापत्ती टाकली आणि ते जात्याच्या वरच्या तळीवर मधोमध ठेवलं. रिकामं जातं फिरवू नये, म्हणून मी आधी मूठभर ज्वारी घातली होती. खुंटा माझ्या हातात होता.

मी फिरवू लागले. आधी भांडंच फिरलं, पाणी मागे राहिलं. मग पाणीही भांड्यासोबत चालू लागलं.

"आता भांडं फिरतंय, पण आत काही ढवळत नाही," लेक म्हणाली. "आमच्या भांड्यात धातूचा तापलेला रस असतो. खड्याला लागणारं सामान त्यात विरघळलेलं असतं. वरून बारीक खडा टेकवायचा, त्याला नवा खडा धरतो, दोऱ्याला खडीसाखर धरते तसा. सामान सगळीकडे सारखं पोचलं नाही तर खडा वेडावाकडा वाढतो आणि पोटात रस अडकतो. आई, आता थांब. उलटं फिरव."

"जातं उलटं फिरवत न्हाईत," नणंद म्हणाली. "घराला चांगलं नसतंय."

मी थांबले होते; पाणी मात्र फिरत राहिलं आणि पत्ती मधे गोळा झाली. आमच्या घरात जातं उलटं खरंच कुणी फिरवलं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून मी नणंदेसमोर मान वर केली नव्हती. हे माझ्याकडे बघत होते. मी पदर सावरला आणि खुंटा उलटा ओढला.

गोळा झालेली पत्ती एकदम उठली आणि पातेलंभर पसरली.

"किती जोरात, कधी थांबायचं, कधी उलटं, हेच मला जमवायचंय," लेक म्हणाली. ती आत्याशी बोलत होती, पण बघत माझ्याकडे होती.

नणंदेने पातेलं जवळ ओढून पत्ती बघितली. मग मला म्हणाली, "जातं तू फिरवलंस ना? मंग बीडला फोन पन तूच कर. मी न्हाई करणार."

अनोळखी माणसाला मी कधी फोन केला नव्हता. मुलाच्या आईला कसंबसं सांगितलं, की मुलगी अजून वर्षभर शिकणार आहे, तुम्ही आमच्यासाठी थांबू नका.

"काय शिकतीय?" त्या बाईंनी विचारलं.

"खडा वाढवते," मी म्हणाले.

"खडा? तो कसा वाढतो?"

मी खाली बसले आणि त्यांना सांगू लागले.