चिरलेल्या फळीच्या दोन बाजू

मी जुनी चित्रं दुरुस्त करते. पुण्यात केमिस्ट्री शिकले, लग्न होऊन मिनेसोटात आले, इथे पुन्हा शिकले आणि एका म्युझियमच्या लॅबमध्ये लागले. एका हिवाळ्यात तिथे माझ्या टेबलावर एक चित्र सफाईसाठी आलं. लाकडी फळीवर रंगवलेलं, हातभर उंचीचं. गुडघे टेकून प्रार्थना करणारी एक श्रीमंत बाई आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली एक संत स्त्री. इतकी वर्षं ते कुणा स्पॅनिश चित्रकाराचं मानलं जात होतं.

मळ निघायला लागला तसं मला ते पटेना. स्पेनमधली फळी बहुधा पाइनची असते आणि रंगाखाली जिप्समचा थर. इथे फळी ओकची होती, खाली खडूचा थर होता आणि तेलरंग इतका पातळ चढवला होता, की बाईच्या अंगठीतल्या खड्यात समोरची खिडकी दिसत होती. हे काम फ्लँडर्सचं, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचं. मला शंकाच नव्हती.

फळी उलटी केली तर मागे करवतीच्या खुणा. तिकडच्या चर्चमध्ये वेदीवरची चित्रं बऱ्याचदा तीन भागांत असायची. मध्ये एक मोठं आणि दोन बाजूंना बिजागरीवर मिटणारी दोन दारं. दारं दोन्हीकडून रंगवलेली असत, आतून रंगीत आणि बाहेरून दगडी पुतळ्यांसारखी राखाडी. पुढे कधीतरी विकणाऱ्यांनी ही वेदी मोडली होती आणि एका दाराची दोन चित्रं व्हावीत म्हणून फळी जाडीतून चिरली होती. म्हणजे माझ्या बाईची पाठ कुठेतरी असणार होती.

बाईचं तोंड डावीकडे, मधल्या चित्राकडे होतं, म्हणजे ती उजव्या दारावरची; आणि मिटलेल्या वेदीवर बहुतेक वेळा डावीकडे देवदूत आणि उजवीकडे येशूची आई मेरी असते. मी राखाडी मेरी शोधायला लागले. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका छोट्या कॉलेजच्या संग्रहात ती सापडली, जर्मन म्हणून टांगलेली. खालून थोडी कापलेली, पण रुंदी तीच. मी एक्स-रे मागवला, पालथा करून आमच्या एक्स-रेवर ठेवला, दोन्ही जुळलेले दिसले आणि मी संग्रह सांभाळणाऱ्या आमच्या क्युरेटरकडे गेले.

"तुला हवंय म्हणून तुला दिसतंय," ती म्हणाली. "या रुंदीच्या फळ्या ढिगानं आहेत."

मला राग आला नाही. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. ज्याला काहीच हवं नाही असा डोळा मला पाहिजे होता, आणि तो माझ्या ओळखीत होता.

ईडन प्रेरी या आमच्या उपनगरात शेजारी एक काका राहतात. तरुणपणी नागपूरहून इथे आलेले, रेडिऑलॉजिस्ट, आता रिटायर्ड. काकू गेल्यापासून रविवारी आमच्याकडे जेवतात. त्या रविवारी मी त्यांच्यापुढे ओकवरच्या निरनिराळ्या चित्रांच्या फिल्म ठेवल्या. माझ्या दोन त्यात मिसळून टाकल्या होत्या, दोन्ही सुलट.

"हे काय गं? पेशंट कोण?"

"लाकूड आहे, काका. यातलं कोण कुणाचं नातलग, तेवढं सांगा."

काकांनी चष्मा पुसला आणि एकेक फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. आमटी गार झाली, नवरा दोनदा हाक मारून गेला. काकांनी बऱ्याच फिल्म बाजूला सारल्या. मग एक पालथी केली, दुसरीवर ठेवली आणि हळूच सरकवली.

"एक समोरून घेतलीय, एक मागून," ते म्हणाले. "नातलग कसले, हा एकच पेशंट आहे. हा जोड बघ. ही खुंटी बघ."

रुंदीसाठी दोन फळ्या कडेला कड लावून जोडताना त्या काळच्या सुतारानं आत लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या. करवत त्यांच्या मधून गेली होती, अर्धी खुंटी इकडे, अर्धी तिकडे. मला ते आधीच दिसलं होतं, पण काकांना मी त्यातलं काही सांगितलं नव्हतं.

सोमवारी क्युरेटरला मी सगळं सांगितलं. तिनं स्वतः फिल्म पालथी करून पाहिली, पुन्हा सरळ केली, पुन्हा पालथी.

"कॉलेजला फोन लाव," ती म्हणाली.

वसंतात मेरी आमच्याकडे आली. दोन्ही फळ्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या, तर एका फळीतलं किड्याचं भोक थेट दुसरीत शिरत होतं.

मग नावावरून वाद झाला. म्युझियमच्या डायरेक्टरांना पाटीवर एका मोठ्या चित्रकाराच्या कार्यशाळेतलं काम असं लिहायचं होतं. इन्फ्रारेडखाली रंगामागची मूळ रेखाटनं दिसत होती. हे काढणाऱ्याची कपड्याच्या चुणीची प्रत्येक रेघ शेवटी आकड्यासारखी वळायची, दोन्ही फळ्यांवर. त्या मोठ्या चित्रकाराची कधीच नाही.

"नाव माहीत नाही, तर तसंच लिहू," मी म्हटलं. "हात मात्र एकच आहे, ते ठणकावून लिहू." क्युरेटर माझ्या बाजूनं उभी राहिली. मधलं चित्र आणि डावं दार अजून बेपत्ता आहेत, हेही पाटीवर आलं.

प्रदर्शनाला काका सूट घालून आले. काचेच्या पेटीभोवती फेऱ्या मारल्या आणि राखाडी मेरीपाशी हात मागे बांधून थांबले. बाजूला उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, तुम्ही यातले तज्ज्ञ का?

"नो, नो," काका म्हणाले, "आय ओन्ली रेड द एक्स-रे." आणि त्यांना खुंटी कुठे आहे ते बोटानं दाखवायला लागले.