प्लग ओढून निवडलेला एडिटर

त्या दुष्काळात आमच्या दूध संस्थेत दूध आटलं आणि मला रिकामा वेळ मिळायला लागला. कडा नावाच्या गावाशेजारचं आमचं गाव. निम्मी जनावरं साखर कारखान्यानं काढलेल्या चारा छावणीत होती, घरचे पुरुषही तिकडंच मुक्कामाला. मी संस्थेत कॉम्प्युटर चालवायचे. दूध मोजलं, फॅट लागली, की आकडे टाकून पावती काढायची. पण पावतीवरची नावं इंग्रजीत, तीही अर्धवट तुटलेली. एकदा एकाच नावाच्या दोन बायकांचं दूध एकीच्याच नावावर चढलं, आणि दोघी माझ्या टेबलासमोर भांडल्या. त्या दिवशी मी सचिवांना म्हणाले, "साहेब, हे सॉफ्टवेअर बदलाच."

"पाऊसपाणी होऊ द्या बाई. मंग बघू."

पावसाची वाट गाव बघतच होतं. मला अजून एका गोष्टीसाठी ती बघायची नव्हती. पावतीचा प्रोग्राम आपणच लिहायचा, असं मी ठरवलं.

धाकटी जाऊ नुकतीच लग्न होऊन आली होती. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली. तिनं पायथन ही भाषा सुचवली. "अक्का, सोपी हाय. मला बी नीट येत न्हाई, दोघी शिकू." दुपारी संस्थेत कुणी नसायचं. आम्ही तिथंच बसायला लागलो.

पण प्रोग्राम लिहायचा कशात? जावेच्या भावानं पुण्याहून पेनड्राइव्हवर एक मोठा एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, पाठवला. काळा पडदा, रंगीत अक्षरं. दोन अक्षरं टाकली की पुढचा शब्द तोच पुरवायचा. आमच्या जुन्या मशीनवर तो उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, तरी आम्ही खूश होतो. मग एका दुपारी जावेनं माझ्यापुढं कोरा कागद ठेवला.

"अक्का, कालचं हातानं लिहून दावा बरं."

मला एक ओळ धड येईना. कंस कुठं, ठिपका कुठं, काही आठवेना. तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली. बसल्यापासून लिहिलेलं सगळं गेलं.

"ते शब्द पुरवणं बंद करता येतं," जाऊ म्हणाली.

"अन् हे गेलेलं? ह्या मशीनला तो झेपत न्हाई गं. दुसरा बघू."

आता दिसण्यावर जायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. जावेनं भावाकडून तीन लहान एडिटर मागवले. प्रत्येकात मी काही ओळी लिहायचे, एक मराठी नाव टाकायचे, आणि सेव्ह न करता भिंतीतला प्लग ओढायचे.

पहिल्यानं मराठी नावाची नुसती प्रश्नचिन्हं केली. दुसऱ्यात लिहिलेलं काहीच परत आलं नाही. तिसऱ्याच्या वेळी मी प्लग ओढला आणि नेमके सचिव दारात.

"बाई! काय करताव हे? मशीन जाळताव का?"

"साहेब, लाइट काय आपल्याला विचारून जाती का? ती जाते तसंच करून बघायलेय."

सचिव आत आले. खुर्ची ओढून बसले. मी मशीन पुन्हा लावलं, एडिटर उघडला. शेवटची एक ओळ तेवढी गेली होती, बाकी सगळं त्यानं आपणहून सेव्ह केलेलं, जागेवर. नावसुद्धा, काना-मात्रेसकट. जावेनं माझा दंड दाबला. "हाच."

त्याच्याशीही भांडण झालंच. प्रोग्राम चालेना. ओळी तर सरळ दिसत होत्या. आम्ही दोघी एकमेकींवर चिडलो, दोन दिवस कामापुरतंच बोललो. शेवटी जावेला एडिटरमध्ये रिकाम्या जागा ठिपक्यांनी दाखवायची सोय सापडली. बघतो तर ओळ आत सरकवायला ती स्पेस मारायची आणि मी टॅब. डोळ्याला सारखंच, पण पायथनला अशी सरमिसळ चालत नाही. आम्ही खळखळून हसलो, आणि दोघींनी स्पेसच मारायचं ठरवलं.

त्यानंतर मी हट्टानं रोज बसले. शब्द पुरवणारं कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येक चूक माझी मलाच शोधावी लागायची. कधी रडकुंडीला यायचे. पण आठवडा सरला की कागदावर लिहून बघायचे, आणि एकेक ओळ हाताला येत गेली. टँकर आला की उठून जायचं, घागरी भरायच्या, परत येऊन उरलेली ओळ पुरी करायची.

पहिली मराठी पावती निघाली तेव्हा समोर एक म्हातारी दूध घालून उभी होती. तिला वाचता येत होतं. तिनं पावती डोळ्यांजवळ नेली, बोट ठेवून वाचली आणि माझ्याकडं बघितलं.

"मालकाच्या नावात 'ळ' हाय माय. तू 'ल' केलास."

"थांबा जरा मावशी," मी म्हणाले. ते एक अक्षर बदललं आणि तिच्या हातात नवी पावती दिली.