रघू तावडे आणि एकशे बारा शब्द

रघू तावडेच्या व्हिजिटिंग कार्डावर 'रिच मीडिया डेव्हलपर' असं छापलेलं होतं. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं, "रिच ते मीडिया. आपले पगार बघ." तो तेव्हा हसला नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, सकाळचं भारी होतं."

आमची कंपनी परळला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात दुसऱ्या मजल्यावर होती. शाळांसाठी संगणकावरचे धडे बनवायचो. शब्द माझे, बाकी सगळं रघूचं. तेव्हा ही कामं फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालायची. पडद्यावरच्या बदकाला टिचकी मारली की ते तळ्यात उडी घेणार, पाणी उडणार आणि एक आवाज म्हणणार, "बदक." एवढ्या दोन सेकंदांसाठी रघू दीड दिवस खपायचा. थेंब खाली येताना जरा चपटे व्हायला हवेत, असं त्याचं म्हणणं. "अरे, पहिलीतलं पोर बघणार आहे हे, परीक्षक नाही," असं मी करवादले की म्हणायचा, "पहिलीतल्या पोरालाच तर कळतं." लालबागच्या चाळीत वाढलेला, दादरच्या एका क्लासात सहा महिने शिकून आलेला माणूस, पण त्याच्यासारखा हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

हाताखालच्या पोरांना तो एक नियम घोकून घोकून शिकवायचा. एकच वस्तू दोन जागी ठेवायची नाही. आवाज असो, चित्र असो, सर्व्हरवर एका जागी ठेवायचं आणि जिथे लागेल तिथे तिथून बोलवायचं. दोन प्रती केल्या की एक दुरुस्त होते, दुसरी तशीच राहते, आणि मग कुठली खरी यावरून भांडणं. नियम चोख होता. त्या धंद्यातला कोणीही शहाणा माणूस हेच सांगेल.

२००९ साली आम्ही पहिलीच्या शब्दांचा धडा केला. एकशे बारा शब्द, प्रत्येकाला चित्र, प्रत्येकाला आवाज. आवाज लहान मुलाचा हवा होता आणि वेळ चार दिवसांचा. रघू म्हणाला, "माझी श्रेया बोलेल." श्रेया सहा वर्षांची होती. दादरच्या स्टुडिओत तिला उंच स्टुलावर बसवलं, कानांवर तिच्या डोक्याहून मोठा हेडफोन. एकेक शब्द म्हणायची आणि काचेपलीकडे बापाकडे बघायची, बरोबर झालं का म्हणून. दोन तासांत एकशे बारा शब्द आटपले. नंतर रघूने तिला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि मलाही दिलं.

त्या धड्याच्या दहा नमुना सीड्या दहा शाळांत गेल्या. मग मी नाक मुरडलं. आम्ही गिरगावातले जुने लोक, पणजोबांपासून कचेरीत कारकुनी केलेले. पैसा राहिला नाही, भाषेचा माज तेवढा राहिला. श्रेया तिच्या घरी बोलतात तशी बोलायची. शब्दाचं शेपूट वर उचलून, जरा ताणून. मी शेरा लिहिला, 'मुलीच्या बोलण्यात मालवणी हेल आहे. आवाज बदलावा.' दुसरी मुलगी आणली, धंदेवाईक आवाजाची. नवे एकशे बारा आवाज धड्यात बसवायचं काम अर्थात रघूकडेच आलं. ते त्याने तीन दिवसांत केलं. श्रेयाचे आवाज सर्व्हरवर त्याच धड्याच्या आत एका फोल्डरमध्ये पडून राहिले.

त्याच डिसेंबरात श्रेयाला ताप भरला. मेंदूज्वर. एकवीस दिवस परळच्या इस्पितळात होती. रघू ऑफिसातून चालत तिकडे जायचा आणि तिकडून चालत ऑफिसात यायचा. पोर वाचली. चालायला लागली, जेवायला लागली, सांगितलेलं सगळं तिला कळायचं. वाचा मात्र गेली. येईलही, नाहीही, असं डॉक्टर म्हणाले. आली नाही.

मग रघू कामाला लागला. त्याने श्रेयासाठी वेबवर एक पान बनवलं. त्यावर एकशे बारा चित्रं होती. चित्रावर टिचकी मारली की ते हलायचं आणि श्रेयाचाच आवाज तो शब्द म्हणायचा. घरी, तिच्या विशेष शाळेत, कणकवलीला मामाकडे, जिथे संगणक आणि इंटरनेट असेल तिथे पान उघडायचं. पण शब्द पहिलीच्या पुस्तकातले. 'दुखतंय' हा शब्द त्यात नव्हता, 'नको' नव्हता. पोरीने आपली सोय लावून घेतली. तहान लागली की नळ. दुखलं की काटा. बाहेर जायचं तर पतंग. आणि राग आला की वाघ, तीन-तीनदा, चाळीत खालपर्यंत ऐकू जाईल असा. रघूची बायको अंबिका मला फोनवर रडत सांगत होती, "ताई, चेडू बोलता माझा! आपल्याच आवाजात बोलता!" श्रेया शब्द दाबायची आणि गाल स्पीकरला टेकवून ऐकायची. मुलगी वाढत गेली, उंच झाली, आवाज सहा वर्षांचाच राहिला. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

फ्लॅश बंद पडणार हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मोबाइलवर ते चालत नव्हतं, लोक कधीच दुसरीकडे वळले होते, रघूही नोकरीपुरता वळला होता. शेवटी तारीखच जाहीर झाली. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशची पानं चालणार नाहीत. त्याआधी आमच्या कंपनीने जुने फ्लॅशचे धडे सर्व्हरवरून काढून टाकायचं ठरवलं. कुठले ठेवायचे, कुठले पुसायचे, याची यादी करायला त्यातलं खडान्‌खडा माहीत असलेला माणूस एकच होता. रघूने घरून आठ दिवस बसून यादी केली. 'पहिलीचे शब्द' या धड्यासमोर त्यानेच लिहिलं, 'मागणी नाही, काढावा.' खाली सही माझी आहे.

त्याने सावधगिरी बाळगली नव्हती असं नाही. श्रेयाचं पान त्याने आधीच घरच्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं. धडे पुसले गेल्यावर त्याने ते चालवून पाहिलं, पोरीने शब्द दाबले, आवाज आले. तो निर्धास्त झाला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याने त्या तारखेनंतरही पान चालावं म्हणून लॅपटॉप पुरता पुसला आणि जुना ब्राउझर, जुना फ्लॅश, सगळं नव्याने टाकलं.

त्या दिवशी दुपारी मला त्याचा फोन आला. "मॅडम, आवाज येत नाहीये."

"लॅपटॉपचा आवाज वाढवून बघ रे," मी म्हटलं. माझी पोळी तव्यावर होती.

"श्रेयाचा, मॅडम."

मी गॅस बंद केला. त्याने मला ते एखाद्या ट्रेनीला समजावावं तसं शांतपणे समजावलं. २०१० साली त्याने पान केलं तेव्हा आवाज त्यात ठेवले नव्हते. आवाज धड्याच्या फोल्डरमध्ये होतेच. मग आणखी एक प्रत कशाला? पान दरवेळी तिथून आवाज बोलवायचं. दहा वर्षांत तो हे विसरून गेला. धडे पुसल्यावरही आवाज आले, ते ब्राउझरने स्वतःजवळ साठवून ठेवलेले होते. लॅपटॉप पुसला तेव्हा तेही गेले. कंपनीत पुसलेल्या वस्तू तीस दिवस राखून ठेवतात. एक्केचाळीस दिवस झाले होते.

"मी नियम पाळला, मॅडम," तो म्हणाला.

स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता. श्रेया बोलायची तेव्हा घरात आवाज भरून ठेवणारा फोन नव्हता. मामाच्या लग्नाच्या व्हिडिओत श्रेया आहे, पण बेंजो पथकाच्या दणदणाटात नाचते आहे, तोंड हलताना दिसतं एवढंच. रघूने पुतणीला, प्रितीला, बसवून शब्द पुन्हा भरले. श्रेयाने पहिला शब्द दाबला, ऐकला, आणि लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडून दिला, पुन्हा मिटला. शेवटी रघूने प्रितीचे आवाज काढून टाकले आणि मुकं पानच तिला दिलं. ती चित्रं दाबायची, बदक उडी मारायचं, थेंब चपटे होऊन पडायचे. ती गाल स्पीकरला लावून बसायची. एकच चित्र वीसदा, तीसदा दाबायची. अंबिकाला ते बघवेना. ती बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहायची.

राहता राहिल्या त्या दहा नमुना सीड्या. त्यांत श्रेयाचा आवाज होता. शाळांची यादी माझ्या जुन्या वहीत सापडली आणि मी कंबर कसली. करोनामुळे शाळा बंद, शिपाई गावाला, मुख्याध्यापक फोन उचलत नाहीत; वर्षभर आम्ही दोघं प्रभादेवी, वरळी, दादर पालथं घालत होतो. नऊ शाळांत काही नव्हतं. कुठे रद्दीत गेली, कुठे उंदरांनी कपाटच खाल्लेलं. दहावी शाळा गिरगावात, माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. तिथले संगणकाचे सर, पुष्कर सामंत, नीटनेटका माणूस. त्यांनी कपाट उघडलं आणि आमच्या धड्याचं पाकीट काढून दिलं. वर शिक्का होता, 'नमुना प्रत'.

रघूने पाकीट माझ्याकडे दिलं, ते मी उघडलं. सीडीबरोबर घडी घातलेलं एक पत्र बाहेर आलं. 'सोबत सुधारित प्रत पाठवीत आहोत. आधीच्या प्रतीतील आवाज सदोष असल्याने ती कृपया नष्ट करावी.' खाली माझी सही, वळणदार. तेव्हा मी दहाही शाळांना ते पत्र पाठवलं होतं आणि साफ विसरले होते.

"आम्ही लगेच नष्ट केली हो," सामंत सर म्हणाले. "पत्र फाइलला ठेवायची सवय आहे आपल्याकडे."

तरी रघूने सीडी घालून पाहिली. बदकावर टिचकी मारली. दुसऱ्या मुलीने स्वच्छ, शुद्ध, माझ्या पसंतीच्या आवाजात म्हटलं, "बदक." रघूने सरांचे आभार मानले. जिना उतरताना त्याने माझा हात धरला, कारण माझे गुडघे दुखतात. मला वाटत होतं, याने मला एक शिवी तरी घालावी.

पुढे महिनाभर मी त्याच्याकडे जायचं टाळलं. मग एका रविवारी लालबागला गेले. श्रेया एकोणीस वर्षांची झाली होती, अंबिकाचा ड्रेस तिला आखूड होत होता. ती खिडकीपाशी पानासमोर बसली होती. ती चित्र दाबायची आणि शेजारी बसलेला रघू तो शब्द मोठ्याने म्हणायचा. "नळ." अंबिका पाणी घेऊन यायची. "पतंग. थांब गो बाय, ऊन उतरांदे." हे आता दिवसभर चालायचं, तो घरून काम करता करता. ती बापाच्या तोंडाकडे बघतही नव्हती.

अंबिका चहा करायला उठली तेव्हा रघू म्हणाला, "मॅडम, एक विचारू? त्या मीटिंगमध्ये तुम्ही तिची नक्कल केली होतीत."

वर मी लिहिलं की मी शेरा लिहिला. ते अर्धंच आहे. आवाज पुन्हा भरायला साहेब तयार नव्हते, म्हणून मी भर मीटिंगमध्ये उभी राहिले आणि श्रेयासारखं बोलून दाखवलं. कमळ, छत्री, बदक. शेपूट उचलून, ताणून, जरा जास्तच. सगळी खोली हसली. साहेबांनी डोळे पुसले आणि खर्च मंजूर केला. रघू कोपऱ्यात प्रोजेक्टरपाशी उभा होता. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, त्याला ते ऐकू गेलं नसेल.

"रघू, मी तेव्हा फार नीच—"

"त्यासाठी नाही विचारत," तो घाईने म्हणाला. "मला तिचा आवाज आठवत नाहीये, मॅडम. रोज आठवायला बसतो. अंबिका म्हणते असा होता, मला वाटतं तसा. तुम्ही नीट ऐकला होतात, प्रत्येक शब्द. हुबेहूब काढलात असं सगळे म्हणाले होते. एकदा काढून दाखवाल?"

मी नाही म्हणायला हवं होतं की हो, हे मला आजही ठरवता येत नाही. मी काढला. साठीला टेकलेली बाई मी, सहा वर्षांच्या पोरीच्या आवाजात म्हटलं, "कमळ." मग "छत्री." मग "बदक." श्रेयाने मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे वळली. रघू डोळे मिटून ऐकत होता.

"परत एकदा," तो म्हणाला.

मी परत म्हटलं. मग आणखी एकदा. त्याने डोळे उघडले.

"नाही," तो म्हणाला. "असा नव्हता." आणि मग अगदी हळू, "तेव्हाही असा नव्हता, मॅडम."