बारा चालींची दुरुस्ती

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. अमरावतीच्या कॉलेजात आम्ही सहा मुलींनी बी.ए.ला संगीत घेतलं होतं. शेवटच्या वर्षी प्रत्येकीनं दोन चाली स्वतः बांधायच्या असत: एक लोकांना गुणगुणता येईल अशी भावगीताची, दुसरी ‘नवा प्रयोग’. म्हणजे एकूण बारा. मला याद्या करायची सवय तेव्हापासूनची. वहीत मी तीन रकाने पाडले: चाल, मात्रा, सरांची दुरुस्ती.

तिसऱ्या रकान्यानं माझं मन विटलं.

परीक्षेआधी प्रत्येक चाल सरांकडून दुरुस्त करून घ्यायची, असा विभागाचा रिवाज होता. सर तोंडात पान ठेवूनच गात. शब्दांबरोबर लाल शिंतोडे पेटीवर उडत, पांढऱ्या पट्ट्यांना चिकटा धरलेला असे. माझी पाळी यायच्या आधी मी ओल्या फडक्यानं त्या पुसून काढी, तरी नंतर बोटं पुन्हापुन्हा धुवावीशी वाटत. आणि दुरुस्ती म्हणजे काय, तर सर आपला ठेवणीतला एक मुखडा काढत आणि आमच्या शब्दांवर चढवत. मी रकाने ताडून पाहिले. अकरा चालींचा मुखडा एकच. मागच्या वर्षीच्या मुलींच्या वह्या मागवल्या. तिथेही तोच.

बारावी चाल माझी होती आणि ती मी अजून दाखवली नव्हती. वसतिगृहाच्या अंगणात गाद्यांचा कापूस पिंजायला एक म्हातारा पिंजारी येई. कमानीच्या ताणलेल्या तातीवर त्याचे ठोके पडत: तीन भराभर, मग दोन, मग दोन. सात मात्रांत मी ते पकडले आणि त्यावर पेटीचे शेजारचे दोन सूर एकदम दाबून धरले. ते कानाला टोचत. मला ते टोचणंच हवं होतं. अकोटची माझी मैत्रीण, शेतकऱ्याघरची, खोलीतल्या ट्रंकेवर ठेका धरी.

अकोल्याला वडील वकिली करत. त्यांची अट साफ होती: पहिला वर्ग आणि लगेच शाळेत नोकरी, नाहीतर गाणं बंद, कायद्याला नाव घालायचं.

सरांनी चाल ऐकली. “हे काय? गाद्या भरायच्या आहेत का तुला?” सातच्या आठ मात्रा केल्या, तो मुखडा वर बसवला. “परीक्षेत हीच म्हण.”

परीक्षक नागपूरहून आले. पाच जणी ओळीनं तोच मुखडा गायल्या. तिसरीनंतर परीक्षकांनी विचारलं, “तुम्ही सगळ्या एकाच घरच्या का?” सर सगळ्यांत मोठ्यानं हसले. माझी पाळी आली. तो मुखडा माझ्या तोंडातून निघेना. मैत्रिणीला मी डग्ग्यावर बसवलं आणि माझी सात मात्रांची चाल, होती तशी, गायले.

परीक्षक ताठ बसले. “पुन्हा म्हणा.” दुसऱ्या वेळी ते मांडीवर ठेका धरत होते. “ही कल्पना कोणाची?”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात सर म्हणाले, “आमचाच प्रयोग आहे साहेब. वर्षभर मेहनत करून घेतली पोरीकडून.”

परीक्षक माझ्याकडे वळले. “हो ना?”

त्यांच्यापुढे गुणांची वही उघडी होती.

“हो,” मी म्हणाले.

बाहेर आल्या आल्या मैत्रिणीनं मला गाठलं. “काहून व, तोंडात बोळा कोंबला होता का तुह्या?”

“मले पहिला वर्ग पायजे.”

“घे मंग. ठोका त्या बुढ्याचा, नाव सराचं. तू मधात कायले व?”

पिंजाऱ्याला मी तरी कुठे विचारलं होतं?

पहिला वर्ग आला. अकोल्याच्या एका शाळेत जागा होती. मी यादी केली: अर्ज, गुणपत्रिका, शिफारसपत्र. पत्र सरच देणार होते. कॉलेज उघडल्यावर गेले, तेव्हा ते नव्या मुलींना चाल शिकवत होते. माझीच, आठ मात्रांची, दोन्ही टोचरे सूर काढून टाकलेली.

“माझी नवी रचना,” ते मुलींना सांगत होते. मला पाहून त्यांचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. “ये, ये. हिनंच गायली होती बरं का परीक्षेत.”

मुली कौतुकानं माझ्याकडे पाहू लागल्या. सरांनी तिथेच पत्र लिहून दिलं: “माझ्या प्रयोगशील रचना ही विद्यार्थिनी उत्तम गाते.” मी ते दोनदा वाचलं. सही आहे, शिक्का आहे, तारीख आहे. घडी घालून पर्समध्ये ठेवलं, पदर सावरला आणि सगळ्या मुलींसमोर वाकून त्यांच्या पायांना हात लावला.