चुन्याच्या निवळीत एक फुंकर

किस्से वेळीच सांगून टाकले नाहीत तर साचत जातात. देवळीच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात तर ऐकणारंच कोणी उरलं नाही. मुलांची नावं आमच्या पटावर, मुलं नागपूरच्या कोचिंगमध्ये. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बहुतेक दिवस मी आणि अटेंडंट नामदेवराव, दोघंच. माझं बिऱ्हाड नागपूरला, मी इथं भाड्याच्या खोलीत. नामदेवरावांची बायको गेल्या वर्षी वारली.

एकदा आयर्न सल्फाइडवर ॲसिड टाकलं. सडक्या अंड्यांचा वास थेट ऑफिसात गेला. प्राचार्य धावत आले, "गॅस! सगळे बाहेर व्हा!"

आम्ही दोघं बाहेर येऊन उभे राहिलो. नामदेवराव म्हणाले, "सर, सगळे आले."

*

वर्गात नियमित येणारी एकच मुलगी, वैशाली. घरची भाजीपाल्याची शेती. तिच्यापुढं मॅग्नेशियमची फीत जाळली. पांढरी राख उरली.

"सर, फीत कुठं गेली?"

"कुठंच नाही. तिचे अणू ऑक्सिजनशी जुळले. अणू तेच, पदार्थ नवा."

ती राखेकडं बघत बसली. मग म्हणाली, "आमच्या ताईले समुद्रपूरले देली. दिवाळीले आली तं पाहुण्यावानी बसून राह्यली. तीच हाये सर, पण ती नाई राह्यली."

मी पुढचा धडा दुसऱ्या दिवशी घेतला.

*

तिचे वडील एकदा लोखंडी बादली घेऊन आले. टमाट्यावर फवारायचं मोरचूद त्यांनी तिच्यात रात्रभर भिजत ठेवलं होतं. बादलीला भोक पडलं होतं आणि आतून लालसर थर चढला होता.

"मास्तर, हे तांबं हाये काय?"

"तांबंच आहे. मोरचुदात तांबं असतं. लोखंड विरघळून त्याच्या जागी गेलं आणि तांबं बाहेर पडलं."

"म्हंजे तांबं मायंच होतं?"

"हो."

"मायंच मले देलं, अन् बादली नेली," म्हणत ते बादली घेऊन निघून गेले.

*

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेज बंद होतं. मी चष्मा विसरलो होतो म्हणून नागपूरहून आलो, तर लॅब उघडी. नामदेवराव एकटेच स्टुलावर बसले होते. समोरच्या स्टँडवर चुन्याच्या निवळीच्या दोन परीक्षानळ्या. निवळीत नळीनं फुंकलं की श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी जुळतो, बारीक खडू तयार होतो आणि पाणी दुधाळ दिसतं. एक परीक्षानळी दुधाळ झाली होती. दुसरी नितळ.

"काऊन आलते नामदेवराव, सुट्टीत?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"घरी कोनी नाई, सर."

"आणि ही दुसरी?"

त्यांनी फुंकायची नळी धुऊन नितळ परीक्षानळीसोबत माझ्यापुढं धरली. "फुका."

मी फुंकलं. निवळी हळूहळू पांढरी झाली. त्यांनी दोन्ही परीक्षानळ्या स्टँडवर शेजारी शेजारी लावल्या, खिडक्या बंद केल्या आणि दाराला लावायला कुलूप माझ्या हातात दिलं.